जॉर्ज विटेट : स्पर्धेच्या निकालातून उभा राहिलेला वास्तुविशारद

अकोल्यापासून जवळच असलेल्या बार्शीटाकळी या गावी काळ्या पाषाणातील भवानीचे प्राचीन मंदिर आहे. कोरीव कामाने नटलेल्या या मंदिराला वऱ्हाडातील इतर अनेक जुन्या देवळांप्रमाणे लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात. तेथील शिलालेख मात्र शके १०९८ मधला, म्हणजे इसवी सनाच्या बाराव्या शतकातील आहे आणि त्यात हेमाद्रिदेव नावाच्या राजाचा उल्लेख येतो. देवगिरीच्या यादवांचा विद्वान मंत्री हेमाद्री पंडित त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी होऊन गेला. नावातील साम्यामुळे दोन व्यक्तींची गल्लत होण्याचा संभव येथे अधिकच आहे. राजाचे नाव लेखात राहिले, मंत्र्याचे नाव शैलीला चिकटले. ज्या स्थपतीने या पाषाणाला आकार दिला, त्याचे नाव मात्र कोणाच्या ओठी उरले नाही.

त्या काळी वास्तू कशी असावी हे ठरविणारे दोघेच असत : द्रव्य देणारा यजमान आणि शास्त्र जाणणारा स्थपती. अनेक वास्तुकारांकडून आराखडे मागवावेत, जाणकारांनी ते शेजारी शेजारी मांडून तोलावेत आणि त्यांतून एकाची निवड करावी, ही रीत आपल्याकडे आली ती इंग्रजी अमदानीत. मुंबईसारख्या शहरात नगरपालिका, रेल्वे, विद्यापीठ, संग्रहालय अशा सार्वजनिक संस्था उभ्या राहू लागल्या, तेव्हा यजमान एकच व्यक्ती राहिली नाही. पैसा अनेकांचा, इमारत सर्वांची, मग तिचे रूप कोणी ठरवायचे, हा प्रश्न निर्माण झाला. त्याचे उत्तर म्हणून वास्तुरचना स्पर्धा पुढे आली.

या घडामोडीत वऱ्हाडचाही एक दूरचा वाटा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतरच्या काही वर्षांत हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईच्या पेढ्या पैशाने ओसंडून वाहू लागल्या. १८६७ मध्ये वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि या काळ्या मातीतल्या कापसाच्या गाठी थेट मुंबईच्या बंदराकडे निघाल्या. मुंबईतील भव्य इमारतींमागे जी संपत्ती होती, तिच्यात या व्यापाराचा हिस्सा मोठा होता. त्या इमारतींपैकी एक, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ज्याच्या कल्पनेतून उतरली, त्या जॉर्ज विटेट यांचे आयुष्य स्पर्धेच्या एका निकालाशी कायमचे जोडले गेले आहे.

विटेट यांच्याकडे वळण्यापूर्वी मुंबईतील त्याआधीचा एक निवाडा ध्यानात घ्यावा लागतो. बोरीबंदरच्या रेल्वे स्थानकासमोर मुंबई महानगरपालिकेची इमारत उभी आहे. तिची कोनशिला १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसविण्यात आली होती. या इमारतीसाठी दोन भिन्न प्रकृतीचे आराखडे विचारात घेण्यात आले. एक होता रॉबर्ट चिझम यांचा. मद्रासेत नाव कमावलेल्या चिझम यांनी घुमट, छत्र्या, कमानी अशा हिंदुस्थानी घटकांचा वापर करणारी इंडो-सारासेनिक शैली सुचविली होती. दुसरा होता बोरीबंदरचे स्थानक साकारणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, युरोपातील गॉथिक परंपरेला धरून चालणारा. अखेरीस गॉथिक आराखडा पसंत झाला आणि १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली.

मुंबईने त्या वेळी जी शैली बाजूला सारली, तिला आश्रय मिळाला होता तो मराठी संस्थानिकांकडे. कोल्हापूरचा नवा राजवाडा चार्ल्स मांट यांनी याच वळणाने बांधला. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही मांट यांनीच योजिला आणि त्यांच्या अकाली निधनानंतर चिझम यांनी तो पूर्णत्वास नेला. म्हणजे दरबारी वास्तूला जे रूप शोभले, ते मुंबईच्या नागरी कारभाराला मात्र शोभेल असे निवड करणाऱ्यांना वाटले नाही. त्या काळच्या मुंबईची प्रतिमा लंडनकडे, व्हेनिसकडे पाहून घडत होती. स्पर्धेचे परीक्षक कागदावरील रेघा तपासतात असे आपण समजतो; पण त्या रेघांमधून ते आपल्या शहराचा चेहरा निवडत असतात, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

या निवाड्यानंतर वीस-एक वर्षांनी त्याच शहरात निकाल उलटा लागला. त्या बदलाच्या केंद्रस्थानी विटेट होते.

जॉर्ज विटेट यांचा जन्म स्कॉटलंडमधील ब्लेअर अ‍ॅथॉल या डोंगराळ भागातील गावी २६ नोव्हेंबर १८७८ रोजी झाला. पर्थ येथे उमेदवारी करून त्यांनी वास्तुरचनेचे शिक्षण घेतले. पुढे एडिंबरो आणि यॉर्क येथील नामवंत वास्तुविशारदांच्या हाताखाली त्यांनी काम केले. त्या काळचे हे शिक्षण बव्हंशी गुरूच्या कार्यालयात, आरेखनाच्या फळ्यापाशी होत असे. जुन्या इमारतींची मापे घेणे, त्यांचे छेद काढणे, दगडाच्या जोडणीचे बारकावे समजून घेणे यातच विद्यार्थ्याची वर्षे जात. ही सवय विटेट यांना पुढे हिंदुस्थानात फार उपयोगी पडली.

१९०४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते मुंबईत आले. मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांचे साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. बेग यांच्या मनात त्या वेळी मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाची इमारत घोळत होती. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा प्रचंड घुमट असलेल्या या इमारतीने मुंबईच्या रुचीला एक नवे वळण दिले. गॉथिक शिखरांनी भरलेल्या शहरात दख्खनी सुलतानांच्या वास्तुपरंपरेचा सरकारी इमारतीसाठी इतक्या ठळकपणे विचार होत होता. तरुण विटेट या कामाच्या सान्निध्यात वाढले. बेग पुढे हिंदुस्थान सरकारचे सल्लागार वास्तुविशारद म्हणून कलकत्त्यास गेले आणि मुंबईतील त्यांची जागा विटेट यांच्याकडे आली.

याच सुमारास मुंबईत संग्रहालयाची चर्चा सुरू होती. तत्कालीन युवराज, पुढचे बादशहा पंचम जॉर्ज, यांच्या भेटीचे स्मारक म्हणून शहरात एक मोठे संग्रहालय असावे, असे मुंबईतील प्रतिष्ठित नागरिकांनी ठरविले. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. यातील गंमत अशी, की कोनशिला बसली तेव्हा इमारतीचा आराखडाच नव्हता. काय बांधायचे हे ठरण्याआधीच बांधकामाचा मुहूर्त झाला होता. सरकारने चंद्रकोरीच्या आकाराची, क्रिसेंट साइट नावाने ओळखली जाणारी जागा दिली. सर करीमभाई इब्राहीम यांनी तीन लाख रुपयांची देणगी दिली. सर कावसजी जहांगीर यांनीही हातभार लावला. सरकार आणि नगरपालिका यांनीही आपला वाटा उचलला. पैसा जमला, जागा मिळाली. उरला तो इमारतीच्या रूपाचा प्रश्न. तो सोडविण्यासाठी खुली स्पर्धा घेण्यात आली आणि १९०९ मध्ये विटेट यांच्या आराखड्याची निवड झाली. त्या वेळी ते अवघे तीस वर्षांचे होते.

वास्तुरचना स्पर्धेचे परीक्षण हे चित्रस्पर्धेच्या परीक्षणाहून फार निराळे असते. चित्र परीक्षकांसमोर पूर्ण झालेले असते. इमारत मात्र अजून अस्तित्वातच आलेली नसते. परीक्षकांच्या हाती असतात ते मजल्यांचे नकाशे, दर्शनी भागाची चित्रे आणि इमारत उभी कापल्यास आत काय दिसेल हे सांगणारे छेद. दर्शनी चित्र सर्वांत आधी मोह घालते, आणि अननुभवी परीक्षक तेथेच फसतो. जाणकार आधी नकाशा पाहतो. प्रेक्षक आत कोठून येणार, एका दालनातून दुसऱ्यात कसा जाणार, जिन्यापाशी गर्दी तुंबणार की काय, मागे वळून न येता त्याचा फेरा पूर्ण होणार की नाही, हे तो बोट फिरवून तपासतो. मग तो छेदाकडे वळतो. प्रकाश कोठून येतो, उन्हाची तिरीप वस्तूंवर पडणार का, पावसाळ्यात ओल कोठे धरेल, उन्हाळ्यात हवा कशी खेळेल, याचा अंदाज घेतो. शेवटी तो दर्शनी भाग पाहतो आणि स्वतःला विचारतो, की आतली व्यवस्था आणि बाहेरचे रूप यांचा काही संबंध आहे की नाही. खर्चाचा हिशेब या सगळ्यांच्या मागे सतत उभा असतो.

संग्रहालयाच्या बाबतीत ही कसोटी अधिकच कठीण होते. चित्रांना आणि वस्त्रांना उजेड हवा, पण ऊन नको. मूर्तींना बाजूने येणारा प्रकाश हवा, म्हणजे त्यांचे उठाव दिसतात. मुंबईच्या दमट हवेत भिंती कोरड्या राहिल्या पाहिजेत. विटेट यांच्या इमारतीत आज फिरताना या प्रश्नांची उत्तरे सापडतात. मधोमध उंच सभामंडपासारखे दालन, त्याच्यावर घुमट, दोन्ही अंगांना पसरलेली दालने, आणि बाहेरच्या बाजूने सावली धरणारे व्हरांडे व पुढे आलेले सज्जे. प्रखर ऊन या व्हरांड्यांत अडते, मवाळ होते आणि मग आत शिरते. पावसाची झड भिंतीपर्यंत सहसा पोहोचत नाही. जुन्या वाड्यांमध्ये ओसरी आणि पडवी जे काम करत, तेच काम येथे दगडी कमानींवर सोपविलेले आहे.

रूपाच्या बाबतीत विटेट यांनी दूरवर नजर टाकली. विजापूरच्या इमारतींचा त्यांनी अभ्यास केला होता. संग्रहालयाच्या घुमटाचे नाते गोवळकोंड्याशी जोडले जाते, तर आतील कमानींची रचना विजापूरच्या गोलघुमटाची याद देते. दगडी जाळ्या आणि सज्जे यांत पश्चिम हिंदुस्थानच्या कारागिरीचे धागे आहेत. बांधकामासाठी त्यांनी कुर्ल्याचा निळसर काळा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला. परदेशातून आणलेल्या नमुन्यापेक्षा मुंबईच्या आसपासच्या खाणींतील दगडानेच या वास्तूला तिचा रंग दिला. मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, नाशिक येथील एका वाड्यातील लाकडी कमानींचा मंडप विकत घेऊन तो या इमारतीच्या आत बसविण्यात आला. दगडी घुमटाखाली मराठी सुतारकामाचा तो नमुना आजही उभा आहे.

येथे एका अवघड प्रश्नाला सामोरे जावे लागते. विटेट मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद होते. संग्रहालयाला जागा देणारे आणि पैसा पुरविणारे सरकारही तेच. अशा स्थितीत खुल्या स्पर्धेत सरकारी वास्तुविशारदाचा आराखडा निवडला जाणे, हे आजच्या नियमांच्या चौकटीत बसले नसते. आज वास्तुरचना स्पर्धांचे जे सर्वमान्य संकेत आहेत, त्यांनुसार स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेचे कर्मचारी आणि परीक्षकांचे निकटवर्ती यांना भाग घेता येत नाही. आराखड्यावर स्पर्धकाचे नाव नसते, केवळ सांकेतिक क्रमांक असतो. परीक्षक मंडळात वास्तुविशारदांचे बहुमत असावे लागते आणि त्या मंडळाचा निर्णय आयोजकांवर बंधनकारक असतो. यातील प्रत्येक नियमामागे जगात कोठे ना कोठे घडलेला एखादा कडू अनुभव आहे. कधी जिंकणारा एक आणि बांधणारा दुसरा झाला, कधी ओळखीने निकाल फिरला, तर कधी पारितोषिक देऊन आराखडा कपाटात बंद झाला.

विटेट यांचा आराखडा गुणवत्तेवर टिकणारा होता, याची ग्वाही इमारत स्वतःच देते. तरीही चांगला निकाल लागला म्हणून पद्धतीतील उणीव झाकली जात नाही. योग्य माणूस निवडला जाणे हे सुदैव असू शकते. योग्य माणूसच निवडला जावा अशी व्यवस्था असणे ही न्यायाची गोष्ट आहे. हा फरक पुढे विटेट यांच्याच कार्यातून हिंदुस्थानी वास्तुविशारदांच्या हाती आलेल्या एका संस्थेने जपला, त्याकडे आपण येणारच आहोत.

इमारतीचे काम १९१४ मध्ये पुरे झाले, आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. ज्या दालनांत मूर्ती आणि चित्रे मांडायची, तेथे जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. काही काळ लहान मुलांच्या आरोग्यासाठीचे केंद्रही तेथे चालले. हवेशीर व्हरांडे आणि उंच दालने रुग्णांच्या कामी आली. कोणत्याही स्पर्धेच्या परीक्षकांना ही परीक्षा आधी घेता आली नसती. जी इमारत एका हेतूने बांधली, ती दुसऱ्या हेतूलाही निभावून नेते, तेव्हा तिच्या मूळ मांडणीतला शहाणपणा कळतो. १९२० मध्ये ती संग्रहालय समितीच्या स्वाधीन झाली आणि १० जानेवारी १९२२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. कोनशिला बसल्याला तेव्हा सोळा वर्षे उलटून गेली होती.

दरम्यान विटेट यांच्याकडे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध काम आले होते. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहा आणि मेरी राणी अपोलो बंदरावर उतरले. त्या आगमनाच्या स्मरणार्थ एक कायमची कमान बांधण्याचे ठरले. सरकारी वास्तुविशारद या नात्याने विटेट यांनी तिचा आराखडा केला आणि १९१४ मध्ये त्याला अंतिम मंजुरी मिळाली. समुद्र हटवून जमीन तयार करणे, पाया भरणे या कामांतच कित्येक वर्षे गेली. सोळाव्या शतकातील गुजरातच्या वास्तुकलेचा आधार घेतलेली ही कमान पिवळ्या बेसॉल्ट दगडात उभी राहिली. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट, तर सर्वोच्च बिंदू जमिनीपासून ८३ फूट. एकूण खर्च सुमारे २१ लाख रुपये आला. बांधकामाच्या देखरेखीत रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई या मराठी अभियंत्याचा वाटा होता. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन केले.

गेटवेची एक उणीव आजही जाणकारांच्या नजरेत भरते. कमानीकडे सरळ येणारा भव्य रस्ता बांधण्याची योजना होती. पण पैसा संपला आणि तो रस्ता कागदावरच राहिला. परिणामी ही कमान जवळच्या रस्त्याशी काटकोनात न राहता तिरपी उभी आहे. आराखडा कितीही चांगला असला, तरी तिजोरीचा शब्द अखेरचा असतो, हा धडा त्या तिरपेपणात आहे. इतिहासाने मात्र या कमानीला तिच्या कर्त्याच्या कल्पनेपलीकडचा अर्थ दिला. ज्या बादशहाच्या स्वागतासाठी ती बांधली, त्याच्या साम्राज्याची अखेरची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीखालून मायदेशी रवाना झाली.

विटेट यांच्या कामाचा पसारा या दोन इमारतींपुरता नव्हता. विज्ञान संस्थेची इमारत, आज राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय जेथे आहे ते कावसजी जहांगीर सभागृह, परळचे के. ई. एम. रुग्णालय, अशी त्यांची कामे मुंबईभर आहेत. बंदर विश्वस्तांनी वसविलेल्या बॅलार्ड इस्टेटमध्ये त्यांनी इमारतींच्या दर्शनी भागांना एकसारखी उंची आणि एकसारखा नूर दिला. तेथे त्यांनी घुमट वा जाळ्या वापरल्या नाहीत. व्यापारी कचेऱ्यांसाठी युरोपीय अभिजात शैली निवडली. हिंदुस्थानी शैली हा त्यांचा हट्ट नव्हता, असे यातून दिसते. कोणत्या कामाला कोणते रूप हा विवेक त्यांच्यापाशी होता. १९१९ मध्ये सरकारी सेवा सोडून ते टाटांच्या अभियांत्रिकी कंपनीत सल्लागार वास्तुविशारद म्हणून गेले. टाटा उद्योगसमूहाचे मुख्यालय असलेले बॉम्बे हाउस हे त्या पर्वातील त्यांचे काम.

या सर्व दगडी कामांपेक्षा अधिक टिकाऊ ठरले ते त्यांचे एक संस्थात्मक कार्य. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात वास्तुरचनेचा शिस्तबद्ध अभ्यासक्रम सुरू झाला होता आणि त्यातून हिंदुस्थानी विद्यार्थ्यांची पहिली पिढी बाहेर पडत होती. १९१७ मध्ये या माजी विद्यार्थ्यांनी आपली संघटना स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांनी विटेट यांना बोलाविले. साम्राज्याच्या सेवेतील एका बड्या अधिकाऱ्याने विद्यार्थ्यांच्या या छोट्याशा मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले. १९२२ मध्ये तिचे नाव बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाले आणि १९२९ मध्ये तीच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या अखिल भारतीय संस्थेच्या रूपाने नावारूपास आली.

या घटनेचे महत्त्व स्पर्धांच्या संदर्भात फार मोठे आहे. तोवर मुंबईतील मोठ्या वास्तूंचे आराखडे करणारे परके आणि त्यांच्यावर निर्णय देणारेही बहुतांशी परकेच असत. एतद्देशीय माणूस हा आरेखक, देखरेख करणारा, पाथरवट वा देणगीदार असे. व्यावसायिक संघटना उभी राहिल्यामुळे हिंदुस्थानी वास्तुविशारदांना आपल्या व्यवसायाचे नियम स्वतः ठरविण्याचे व्यासपीठ मिळाले. कोणी स्पर्धेत उतरावे, कोणी परीक्षण करावे, मानधन किती असावे, विजेत्याचा हक्क काय, हे प्रश्न मांडण्याची जागा निर्माण झाली. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये वास्तुविशारद कायदा झाला आणि त्यान्वये स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेने स्पर्धांसाठी मार्गदर्शक संहिता तयार केली. ज्या माणसाला स्वतः एका सैल नियमांच्या स्पर्धेने मोठे केले, त्याच्याच अध्यक्षतेखाली अधिक काटेकोर व्यवस्थेचे बीज पडले, हा योग चिंतनीय आहे.

गेटवेच्या उद्घाटनानंतर दोनच वर्षांनी, ११ सप्टेंबर १९२६ रोजी, आमांशाच्या तीव्र विकाराने विटेट यांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे वय केवळ ४७ वर्षे होते. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या आधी सव्वीस वर्षे, १९०० मध्ये, महानगरपालिकेच्या इमारतीचे कर्ते स्टीव्हन्स हेही मुंबईतच मरण पावले होते आणि त्यांनाही याच दफनभूमीत मूठमाती देण्यात आली होती. मुंबईच्या दोन परस्परविरोधी चेहऱ्यांचे शिल्पकार असे एकाच भूमीत विसावले आहेत.

विटेट यांचे मूल्यमापन करताना दोन टोकांच्या भूमिका घेतल्या जातात. त्यांनी हिंदुस्थानी वास्तुकलेचा गौरव केला, असे काही जण मानतात. विजापूर, गुजरात, गोवळकोंडा यांचे तुकडे उचलून त्यांनी साम्राज्याच्या इमारतींना देशी पेहराव चढविला, असे दुसऱ्यांना वाटते. दोन्हींत तथ्य आहे. जेत्यांनी जितांच्या वास्तुपरंपरेतून निवड करून त्यांच्यासाठी त्यांचीच शैली ठरवावी, यात सत्तेचा अहंकार होताच. परंतु ज्या काळात या परंपरा मोडीत निघाल्या आहेत असे मानले जात होते, त्या काळात आधुनिक गरजांसाठीही त्या कामी येऊ शकतात, हे विटेट यांनी दगडात दाखवून दिले. त्यांनी मापे घेतली, अभ्यास केला आणि स्थानिक दगड व स्थानिक कारागीर यांवर भरवसा ठेवला. पेहराव अंगाला बसला, याचे कारण शिंप्याने आधी अंगाचे माप घेतले होते.

१९९८ मध्ये संग्रहालयाचे नाव बदलून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे झाले. ब्रिटिश युवराजाच्या नावाने उभारलेली इमारत महाराष्ट्राच्या आराध्यदैवताच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि त्या नावात तिला काही विसंगत वाटले नाही. दख्खनच्या काळ्या दगडाने आणि दख्खनी घुमटाने तिला आधीपासूनच या मातीशी बांधून ठेवले होते. १९०९ च्या निवडीतील खरे शहाणपण शतकभराने असे प्रत्ययास आले. त्या वेळी गॉथिक शिखर निवडले गेले असते, तर कदाचित इमारत तितकीच देखणी झाली असती. मात्र हे नाव तिने इतक्या सहजपणे धारण केले असते का, हा प्रश्न उरतो.

आजही आपल्या राज्यात सार्वजनिक वास्तूंचे आराखडे निवडले जातात. स्मारके, न्यायालये, नाट्यगृहे, विद्यापीठांची संकुले उभी राहतात. त्यांतील किती आराखडे खुल्या, निनावी आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या स्पर्धेतून येतात, आणि किती केवळ सर्वांत कमी दराच्या निविदेतून, हा प्रश्न जिल्ह्याच्या गावांतील नागरिकांनीही विचारण्याजोगा आहे. निविदा इमारतीची किंमत ठरविते. तिचे मोल ठरविण्याची क्षमता तिच्यात नसते. न्यायालयाच्या ओसरीत पक्षकारांना सावली मिळेल का, रुग्णालयाच्या दालनात वारा खेळेल का, मुलांना शाळेच्या जिन्यावरून सुरक्षित उतरता येईल का, हे आराखडा उलगडून, नकाशावर बोट फिरवून पाहणारे डोळे लागतात. त्या परीक्षकाची नेमणूक हा आराखड्याच्या निवडीइतकाच गंभीर निर्णय आहे.

बार्शीटाकळीच्या मंदिराला कोणत्याही परीक्षक मंडळाने गुण दिले नव्हते. साडेआठशे उन्हाळे आणि तितकेच पावसाळे हेच त्याचे परीक्षक. त्या अनाम स्थपतीजवळ यजमानाचा विश्वास होता, परंपरेने दिलेली मापे होती आणि दगडाची पारख होती. विटेट यांना स्पर्धेचा निकाल लाभला आणि इतिहासात नावही लाभले. दोघांच्या इमारती दख्खनच्या दगडातच उभ्या आहेत. परीक्षकांचा निकाल इमारतीला जन्म देतो. तिला आयुष्य द्यायचे की नाही, हे पुढे ऊन, पाऊस आणि तिच्या सावलीत वावरणारी माणसे ठरवितात. विटेट यांच्या आराखड्याला हा दुसरा निकालही अनुकूल लागला, यातच त्यांच्या अल्प आयुष्याची सार्थकता आहे.